हरळीची वाढ आणि तिचे नियंत्रण

हिंगोली जिल्ह्यातील नरसी नामदेव हे गाव संत नामदेवांचे जन्मस्थान म्हणून प्रसिद्ध आहे. वारकऱ्यांप्रमाणेच पंजाबातील भाविकही येथे श्रद्धेने येतात, कारण नामदेवांची पदे शिखांच्या गुरुग्रंथसाहिबात समाविष्ट आहेत. गाव कयाधू नदीच्या काठी वसले आहे. मृगाच्या सरी पडून गेल्या की या परिसरात धुरे, बांध, शाळेचे मैदान, नदीचा काठ आणि गाडीवाटेच्या कडा अशा सर्व ठिकाणी एकच गवत अंग धरू लागते. ते गवत म्हणजे हरळी. भाद्रपदात गणपतीपुढे हिलाच दूर्वा म्हणून मान मिळतो आणि त्याच दिवसांत सोयाबीनच्या व हळदीच्या शेतात हिच्या काशा वेचताना मजुरांची कंबर मोडते. देवाला इतके प्रिय आणि शेतकऱ्याला इतके अप्रिय असे दुसरे गवत सांगणे कठीण आहे.

या गवताची तिसरी ओळख मात्र गावात फारशी कोणाला नसते. शास्त्रज्ञ ज्याला सायनोडॉन डॅक्टिलॉन म्हणतात आणि जगाच्या बाजारात जे ‘बर्म्युडा ग्रास’ या नावाने विकले जाते, ते आपली हरळीच होय. उष्ण प्रदेशातील क्रिकेटची आणि फुटबॉलची मैदाने, गोल्फची कुरणे व सार्वजनिक उद्याने यांच्या हिरवळीचा आधार हेच गवत आहे. शहरांतील रोपवाटिकांत ‘सिलेक्शन वन’ म्हणून जी हिरवळ चौरस फुटावर विकली जाते, तीही हरळीचीच निवडक जात आहे. शेतकरी ज्याला उपटण्यासाठी मजुरी देतो, त्याच गवतासाठी शहरातील गृहनिर्माण संस्था पैसे मोजते!

हिरवळ लावणे सोपे, राखणे खर्चाचे. पावसाळ्यात दर आठवड्याला कापणी, त्यासाठी यंत्र, पेट्रोल आणि माणूस, असा तो खर्च असतो. त्यामुळे गवत जगावे, दाट व्हावे, परंतु उंच होऊ नये, असा उपाय गेली पाऊणशे वर्षे शोधला जात आहे. त्यातून दोन मार्ग पुढे आले. पहिला, वाढ रोखणाऱ्या रसायनांचा फवारा. दुसरा, गवताच्या बीजातच बदल करणे. वरवर पाहता दोहोंचे फळ एकच दिसते. तथापि त्यांच्या स्वभावात एक मूलभूत फरक आहे आणि तो केवळ हिरवळीपुरता राहत नाही. सोयाबीन, कपाशी, ज्वारी पिकवणाऱ्या आणि नव्या बियाण्यांविषयी रोज काही ना काही ऐकणाऱ्या गावालाही तो समजून घेणे आवश्यक आहे.

वाढीची आज्ञा

गवताची रचना मोठी चतुर आहे. तुळस किंवा कपाशी यांचा वाढीचा बिंदू शेंड्याला असतो. शेंडा खुडला की सरळ वाढ थांबते. गवताचा वाढीचा बिंदू मात्र जमिनीलगत, पानांच्या आवरणात दडलेला असतो आणि पान खालून वर सरकत वाढते. गुरांनी वरचा भाग खाल्ला, विळ्याने कापला, तरी कारखाना शाबूत राहतो. हरळीने याहून एक पाऊल पुढे टाकले आहे. तिची काही खोडे जमिनीवर सरपटतात, काही जमिनीखाली काशांच्या रूपाने पसरतात, आणि प्रत्येक पेरावर नव्या रोपाचा डोळा असतो.

उंची ठरते ती दोन पेरांमधील अंतरावर. हे अंतर किती वाढावे याची आज्ञा देणाऱ्या द्रव्याचा शोध भाताच्या एका रोगातून लागला. जपानमधील शेतकऱ्यांना भाताची काही रोपे इतरांपेक्षा अकारण उंच, फिकट आणि दुबळी होऊन कोलमडताना दिसत. त्यांनी या रोगाला ‘वेडे रोप’ अशा अर्थाचे नाव दिले होते. १९२६ साली एइची कुरोसावा या शास्त्रज्ञाने तैवानमध्ये दाखवून दिले की, एक बुरशी जे द्रव्य स्रवते त्यामुळेच रोप असे वेडे वाढते. १९३५ मध्ये तेइजिरो याबुता यांनी त्या द्रव्याला बुरशीच्या नावावरून जिब्रेलिन हे नाव दिले. पुढे असे आढळले की, ही द्रव्ये वनस्पती स्वतःच, अत्यल्प प्रमाणात, आपल्या पेशींत तयार करतात. बुरशीने फक्त त्यांचे प्रमाण बिघडवले होते. नाशिक-सांगलीचे द्राक्षबागायतदार घड फुगवण्यासाठी ज्या ‘जी.ए.’चा उपयोग करतात, तो हाच पदार्थ होय.

जिब्रेलिनचे कार्य पाटाच्या पाण्याच्या उदाहरणाने चांगले समजते. पाण्याने शेत भिजावयाचे तर दोन गोष्टी घडाव्या लागतात. मुख्य कालव्यातून पाणी सुटले पाहिजे आणि शेताच्या तोंडाशी चारीचे दार उघडले पाहिजे. यांपैकी कोठेही अडथळा आला तरी शेत कोरडे राहते. त्याचप्रमाणे वनस्पतीत जिब्रेलिन तयारच कमी झाले, अथवा तयार होऊनही पेशीने त्याची आज्ञा मानली नाही, तर पेरांमधील अंतर वाढत नाही आणि झाड बुटके राहते. गवताची उंची रोखण्याचे बहुतेक प्रभावी उपाय या दोन दारांपैकी एका दाराशी उभे आहेत, मग ते बाटलीतून आलेले असोत की बियाण्यातून.

फवाऱ्याचा मार्ग

अगदी प्रारंभीच्या रसायनाने मात्र ही दोन्ही दारे सोडून थेट पेशींच्या विभाजनावर घाव घातला. मॅलेइक हायड्रॅझाइड या रसायनाचा हा गुण १९४९ मध्ये प्रसिद्ध झाला आणि अमेरिकेत रस्त्यांच्या कडेचे गवत रोखण्यासाठी ते वापरले जाऊ लागले. गवत वाढेनासे झाले, परंतु पिवळेही पडू लागले. रस्त्याकडेला ते खपले. उद्यानात कोण खपवून घेणार? त्यानंतर आलेल्या क्लोरमेक्वाट, मेपिक्वॅट, पॅक्लोब्युट्राझोल इत्यादी वाढरोधकांनी जिब्रेलिनच्या निर्मितीलाच आडकाठी घातली. हिरवळीसाठी आज जगात सर्वाधिक परिचित असलेले ट्रायनेक्झापॅक-इथाइल हे १९९० च्या दशकात आले. ते पानांतून शोषले जाते आणि जिब्रेलिन तयार होण्याची अगदी शेवटची पायरी अडवते. अनुकूल स्थितीत कापणीत निघणारे गवत जवळजवळ निम्म्याने घटते. अन्न उंचीत खर्च न झाल्याने ते फुटव्यांत वळते, हिरवळ दाट होते, पानांचा रंग गडद दिसतो.

हा परिणाम तीन ते चार आठवडे टिकतो. नंतर गवत ते द्रव्य पचवून टाकते आणि काही काळ नेहमीपेक्षा अधिक वेगाने वाढते, जणू साचलेली बाकी वसूल करते. म्हणून मैदान राखणाऱ्यांना पुढील फवारणीची वेळ नेमकी साधावी लागते. उष्ण हवेत परिणाम लवकर ओसरत असल्याने दिवसांऐवजी तापमानाची बेरीज करून वेळापत्रक आखण्याची पद्धतही रूढ झाली आहे. फवाऱ्याचा हा दोष म्हटला तर दोष आहे, कारण खर्च पुन्हा पुन्हा होतो. परंतु त्यातच त्याचा मोठा गुणही आहे. चूक झाली तरी ती महिनाभरात ओसरते.

सर्वच वाढरोधके इतकी विसराळू नाहीत. कोकणात हापूस आंब्याला दर वर्षी मोहोर यावा म्हणून पॅक्लोब्युट्राझोल, म्हणजे बागायतदारांच्या भाषेत ‘कल्टार’, जमिनीतून दिले जाते. त्याची मात्रा झाडाच्या विस्ताराच्या प्रत्येक मीटर व्यासाला ०.७५ ग्रॅम क्रियाशील घटक इतकी अल्प असते आणि ते १५ जुलै ते १५ ऑगस्टच्या सुमारास द्यावयाचे असते. हे द्रव्य मातीत दीर्घकाळ राहते. अधिक दिले तर फांद्या आखूड होतात, पालवी गुच्छासारखी येते आणि झाडाला पूर्वस्थितीवर येण्यास काही हंगाम लागतात. तात्पर्य, रसायन पानावर पडून महिन्यात विरते की मातीत मुरून वर्षभर राहते, हा प्रश्न बाटली उघडण्यापूर्वी विचारला गेला पाहिजे.

मराठवाड्यात हा प्रश्न आता उद्यानाचा राहिलेला नाही. पाऊसकाळ चांगला झाला की सोयाबीन कंबरेपर्यंत माजते, पाने दाटतात आणि शेंगा कमी लागतात. अशा वेळी वाढरोधकाची फवारणी करण्याकडे अलीकडे शेतकऱ्यांचा कल वाढला आहे. कपाशीच्या सघन लागवडीत झाड आटोपशीर राहावे म्हणून मेपिक्वॅट क्लोराइडचा वापर कृषी शास्त्रज्ञच सुचवतात. त्यात गैर काही नाही. गैर आहे ती शिफारशीवाचून, दुकानदाराच्या तोंडी सल्ल्यावर, दोन-तीन औषधे एकत्र मिसळून केलेली फवारणी. वाढरोधके ही कीटकनाशके अधिनियम, १९६८ च्या कक्षेत येतात. म्हणजे डब्यावर नोंदणी क्रमांक, पिकाचे नाव, मात्रा आणि काढणीपूर्वी पाळावयाचा कालावधी यांचा उल्लेख असणे बंधनकारक आहे. ज्याला गावात सरसकट ‘टॉनिक’ म्हणतात, त्यांपैकी जैवउत्तेजके २०२१ पासून खत नियंत्रण आदेशाखाली आली. दोन्हींचे कायदे वेगळे, परवाने वेगळे आणि धोकेही वेगळे आहेत. टॉनिक म्हणून विकलेल्या बाटलीत वाढरोधक निघाले, तर पाण्याचा ताण बसलेले पीक त्याने खुरटते आणि दोष पावसाला दिला जातो.

फवारणाऱ्या माणसाचाही विचार येथेच केला पाहिजे. २०१७ च्या खरिपात शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशकांच्या फवारणीतून झालेल्या विषबाधेत शेतकरी आणि शेतमजूर दगावले. वाढरोधके त्या कीटकनाशकांइतकी जहाल नसतात, हे खरे. परंतु पंप तोच, हात तेच आणि मोजे नसण्याची सवयही तीच.

उंची बियाण्यातच

दुसरा मार्ग भारताने फार मोठ्या प्रमाणावर अनुभवला आहे, पण त्याला त्या नावाने कोणी ओळखत नाही. गव्हाच्या जुन्या जाती खत दिले की उंच वाढत, ओंबी भरली की लोळत. जपानमधील ‘नोरिन-१०’ या बुटक्या गव्हाचा गुण नॉर्मन बोरलॉग यांनी मेक्सिकोतील जातींत आणला. १९६६ मध्ये भारताने त्या जातींचे १८,००० टन बियाणे आयात केले आणि पुढे कल्याण सोना व सोनालिका या जातींनी देशाचे अन्नचित्र पालटले. या गव्हात नेमके काय आहे, याचा उलगडा १९९९ मध्ये झाला. त्याची पेशी जिब्रेलिनची आज्ञा मानत नाही. चारीचे दार तिथेच बंद आहे. बुटक्या भाताचे रहस्य २००२ मध्ये उलगडले. त्यात जिब्रेलिनच कमी तयार होते, म्हणजे पाणी कालव्यातूनच कमी सुटते. म्हणून बुटक्या भातावर जिब्रेलिन फवारले तर तो उंच होतो, बुटका गहू होत नाही. विज्ञान शिक्षकांनी वर्गात सांगावा असा हा भेद आहे.

ज्वारीच्या बाबतीत मराठवाड्याने बुटकेपणाची दुसरी बाजूही पाहिली. १९६४ मध्ये सी.एस.एच.-१ हा पहिला संकरित वाण आला. मुख्यमंत्री वसंतराव नाईक यांच्या काळात संकरित ज्वारीचा प्रसार गावोगाव झाला आणि धान्याचे उत्पादन वाढले. परंतु ताटे आखूड, म्हणून कडबा कमी. आणि खरिपात कणसे पावसात सापडली की दाणे काळे. ज्याच्या दावणीला बैलजोडी होती, त्याला हा तोटा प्रत्यक्ष जाणवला. ‘हायब्रीड’ हा शब्द ग्रामीण बोलीत उपहासाने वापरला जाऊ लागला, त्यामागे ही भावना होती. संशोधकांनीही ती मनावर घेतली. परभणी येथील कृषी विद्यापीठाने पुढे ‘परभणी मोती’सारखे रब्बी ज्वारीचे वाण दिले, ते धान्य आणि कडबा दोन्हींचा विचार करून. उंची ही कापून टाकण्याजोगी निरुपयोगी गोष्ट आहे, की कोणाच्या तरी उपयोगाची आहे, हे प्रयोगशाळेत ठरत नाही, गोठ्यात ठरते.

ज्वारीच्या बुटकेपणास कारण असलेल्या जनुकांपैकी एकाचा स्वभाव मोठा गमतीचा आहे. त्यातील बदल पूर्णतः पक्का नाही. क्वचित तो आपोआप पूर्वपदावर येतो आणि बुटक्या शेतात मध्येच एखादे ताट उंच उभे राहते. बीजोत्पादनाच्या शेतात अशी ताटे उपटून टाकावी लागतात. प्रत्येक उंच ताट म्हणजे भेसळ असे समजून बियाणे कंपनीशी वाद घालण्यापूर्वी ही शक्यताही ध्यानात ठेवावी.

आता पुन्हा हरळीकडे वळू. अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यातील टिफ्टन येथे ग्लेन बर्टन हे शास्त्रज्ञ हरळीवर काम करीत होते. १९४३ मध्ये त्यांनी गुरांच्या चाऱ्यासाठी ‘कोस्टल’ ही जोमदार हरळी दिली. त्यानंतर उलट दिशेने जाऊन त्यांनी मैदानांसाठी आखूड व दाट हरळीच्या जाती तयार केल्या. १९५६ ची ‘टिफग्रीन’, १९६० ची ‘टिफवे’ आणि १९६५ ची ‘टिफड्वार्फ’ या त्यांपैकी प्रमुख होत. नेहमीच्या हरळीच्या पेशीत ३६ गुणसूत्रे असतात. आफ्रिकेतील एका बारीक पानांच्या भगिनी-जातीत १८ असतात. दोहोंच्या संकरात २७ येतात. २७ चे दोन समान भाग होत नाहीत, म्हणून या संकरित हरळीला बी धरत नाही. तिचा प्रसार फक्त कांड्या लावून होतो. बियाण्यातून उंची रोखतानाच पळवाटही बंद झाली, आणि तीही परक्या जनुकाला हात न लावता.

याच बर्टन यांनी टिफ्टन येथेच बाजरीचा ‘टिफ्ट २३-ए’ हा नर-वंध्य वाण तयार केला होता. त्याच्या आधारे पंजाब कृषी विद्यापीठाने १९६५ मध्ये ‘एच.बी.-१’ हा भारतातील पहिला संकरित बाजरीचा वाण दिला. उत्पादन झपाट्याने वाढले, परंतु अफाट क्षेत्रावर एकाच मातृवाणाचे संकर पसरल्याने १९७० च्या दशकाच्या प्रारंभी गोसावी रोगाने बाजरीचा घात केला. मैदानावरची हरळी आणि ताटातली बाजरी यांचे नाते एका टेबलाशी असे जुळलेले आहे.

जनुकांतरणाचे तंत्र आल्यावर उंचीचे दार अधिक नेमकेपणाने बंद करणे शक्य झाले. फ्लोरिडा विद्यापीठातील शास्त्रज्ञांनी बाहिया नावाच्या हिरवळीच्या गवतात दुसऱ्या वनस्पतीचे एक जनुक घातले. हे जनुक तयार झालेले जिब्रेलिन मोडून टाकते. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात गवत आखूड, अधिक फुटव्यांचे आणि दाट झाल्याचे दिसून आले. फवाऱ्याने महिनाभर होणारे काम येथे गवताने जन्मभर स्वतःच केले.

वाऱ्याने नेलेले बी

येथवर सर्व उत्साहवर्धक वाटते. पण जनुकांतरित गवताची सर्वांत बोधप्रद कथा उंचीची नसून तणनाशकाची आहे. गोल्फच्या मैदानांसाठी क्रीपिंग बेंटग्रास हे गवत वापरतात. स्कॉट्स आणि मोन्सॅन्टो या कंपन्यांनी ग्लायफोसेट या तणनाशकाला दाद न देणारे बेंटग्रास तयार केले. उद्देश असा की, मैदानावर तणनाशक फवारले तर इतर गवते मरावीत आणि हे तेवढे राहावे. अमेरिकेच्या ओरेगॉन राज्यात जेफरसन परगण्यात त्याची सुमारे १६२ हेक्टरांवर लागवड झाली. परागकण दूर जाऊ नयेत म्हणून नियंत्रण क्षेत्रही आखण्यात आले होते.

२००३ च्या ऑगस्टमध्ये कापून शेतात वाळत ठेवलेले गवत वावटळीने उडाले आणि बी सीमेपलीकडे गेले. परागकणांचा प्रवास याहून लांबचा निघाला. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात बहुतेक संक्रमण दोन किलोमीटरांच्या आत आढळले. परंतु शोधासाठी मुद्दाम ठेवलेल्या रोपांत ते २१ किलोमीटरांपर्यंत, तर आपोआप वाढलेल्या गवतात १४ किलोमीटरांपर्यंत पोहोचल्याचे दिसले. जवळच्या भगिनी-गवतालाही ते जनुक मिळाले होते. २००७ मध्ये स्कॉट्सला पाच लाख डॉलरचा दंड भरावा लागला. २०१० मध्ये आयडाहोचा कॅनियन परगणा आणि ओरेगॉनचा मॅल्हूर परगणा येथे, पाटबंधाऱ्यांच्या कालव्यांच्या काठांवर, हेच गवत उगवलेले सापडले. पाण्याजवळ फवारण्याजोगी तणनाशके मोजकीच असतात आणि त्यांतील प्रमुख ग्लायफोसेट! त्यालाच हे गवत दाद देत नव्हते. कालव्यांची सफाई करणाऱ्या शेतकऱ्यांच्या संस्थांवर त्याचा भार पडला. २०१७ मध्ये अमेरिकी कृषी खात्याने या गवतावरील नियंत्रण उठवले. ते बाजारात आणणार नसल्याचे कंपनीने तत्पूर्वीच मान्य केले होते. गवत मात्र कालव्याकाठी राहिले.

ज्या जिल्ह्यात येलदरी-सिद्धेश्वर आणि इसापूर धरणांच्या कालव्यांवर शेती उभी आहे, त्या जिल्ह्याच्या वाचकाला हे चित्र दूरचे वाटू नये. बुटके सोयाबीन किंवा बुटका गहू बिघडला तर पुढच्या वर्षी पेरला नाही म्हणजे झाले. ही पिके माणसाने पेरल्याशिवाय फारशी टिकत नाहीत. गवत बहुवर्षायू असते. त्याचे परागकण वाऱ्यावर जातात, बी बारीक असते आणि काशांचे तुकडे नांगराच्या फाळाला, गुरांच्या खुराला, पुराच्या पाण्याला लागून पुढे जातात. फवारा उतरतो, बुटके पीक बदलता येते. परंतु मोकळ्या शिवारात गेलेले गवत परत बोलावता येत नाही.

आपल्याकडील स्थिती

भारतात जनुकांतरित बियाण्यांचे नियमन पर्यावरण (संरक्षण) अधिनियम, १९८६ खालील १९८९ च्या नियमांनुसार होते आणि मान्यतेचा विचार जनुकीय अभियांत्रिकी मूल्यांकन समिती करते. आजवर कायदेशीर व्यापारी लागवड झाली ती केवळ कापसाची, बी.टी. कापसाला मार्च २००२ मध्ये मान्यता मिळाली. तणनाशक-सहनशील कापसाला मान्यता नसतानाही त्याचे बियाणे विदर्भ-मराठवाड्यात चोरून येत राहिले. १० जून २०१९ रोजी अकोला जिल्ह्यातील अकोली जहांगीर येथे शेतकरी संघटनेच्या कार्यकर्त्यांनी ते उघडपणे पेरून सविनय कायदेभंग केला. निंदणीला मजूर मिळत नाही, ही त्यांची अडचण खरी होती, हे मान्य केले पाहिजे. चोरट्या बियाण्याला पावती नसते आणि नुकसान झाले तर दाद मागायला जागाही नसते, हेही तितकेच खरे.

या संदर्भात गावोगाव एक शंका विचारली जाते की, अशा कपाशीचा गुण शेजारच्या हरळीत शिरेल काय? कपाशी आणि हरळी यांची कुळे सर्वस्वी भिन्न असल्याने परागकणांतून तसे होत नाही. धोका वेगळा आहे. एकच तणनाशक वर्षानुवर्षे फवारले की तणांतील जी थोडी रोपे निसर्गतःच चिवट असतात, ती तेवढी मागे उरतात आणि पुढे त्यांचीच संतती शेत व्यापते. ग्लायफोसेटला न जुमानणारी तणे जगातील अनेक देशांत अशी निर्माण झाली आहेत. ग्लायफोसेटची आपल्याकडील नोंदणी चहाचे मळे आणि पीक नसलेली जागा यांपुरती होती, आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्र शासनाने त्याचा वापर कीड नियंत्रण व्यावसायिकांमार्फतच करण्याचे निर्बंध अधिसूचित केले.

जनुक-संपादन हे त्याहून नवे तंत्र आहे. त्यात परके जनुक न आणता वनस्पतीच्याच जनुकात नेमका बदल केला जातो. मार्च २०२२ मध्ये केंद्राने अशा काही प्रकारांना जनुकांतरित पिकांच्या कडक नियमांतून सूट दिली आणि मे २०२५ मध्ये ‘डी.आर.आर. धान १०० (कमला)’ व ‘पुसा डी.एस.टी. राईस १’ हे भाताचे दोन संपादित वाण जाहीर झाले. हे तंत्र गवतापर्यंतही पोहोचेल. परके जनुक नसल्याने गवताचा वारा, पूर आणि काशा यांच्याशी असलेला व्यवहार बदलत नाही. टिफ्टनच्या वंध्य हरळीसारखी तजवीज त्यात आहे काय, हा प्रश्न तेव्हाही विचारावा लागेल.

मैदान, बांध आणि शेत

शाळेच्या मैदानावरील किंवा ग्रामपंचायतीच्या उद्यानातील हरळीला यांतील कोणत्याही महाग उपायाची आवश्यकता नाही. मराठवाड्यात गवताची वाढ आवरणारा सर्वांत कडक कारभारी म्हणजे पावसाळ्यानंतरचे आठ महिने. प्रश्न येतो तो जून ते ऑक्टोबरपर्यंतचा. त्या काळात एका वेळी पात्याच्या एकतृतीयांशाहून अधिक भाग कापू नये. महिनाभर वाढू देऊन एकदम बुडापर्यंत कापले, तर हिरवळ विरळ होते आणि मोकळ्या जागेत गाजरगवत शिरते. पावसाळ्यात मैदानाला युरिया टाकणे म्हणजे कापणीचा खर्च स्वतःहून वाढवणे होय. विद्यार्थ्यांनी मैदानाच्या कोपऱ्यात मीटरभराचे दोन चौकोन आखून एक दर आठवड्याला व एक महिन्याने कापावा आणि दोन्हींतील फुटवे मोजून वहीत नोंदवावेत. वाढ आणि छाटणी यांचा संबंध त्यातून पुस्तकापेक्षा चांगला कळेल.

बांधावरची हरळी मात्र मारू नये. शेतबांधाचा सांडवा, नाल्याचा उतार, शेततळ्याचा भराव येथे काळी माती धरून ठेवण्याचे काम ती फुकट करते, आणि दावणीला ओला चाराही देते. ती शेतात उतरू नये म्हणून बांधालगत वखराची एक पाळी मोकळी ठेवणे पुरेसे असते.

शेतात शिरलेल्या हरळीवर एप्रिल-मे महिन्यांतील खोल नांगरट, उघड्या पडलेल्या काशा उन्हात तापवणे आणि त्या वेचून काढणे हा जुना उपाय आजही सर्वांत खात्रीचा आहे. ओलीत रोटाव्हेटर फिरवला तर एका काशीचे वीस तुकडे होतात आणि वीसही उगवतात. हरळीला सावली सोसत नाही. सोयाबीन लवकर दाटते म्हणून तिथे ती दबते. हळद उशिरा उगवते आणि सावकाश वाढते, म्हणून हळदीच्या बेण्याआधीची जमीन हरळीमुक्त असणे विशेष महत्त्वाचे ठरते.

फवारणीनंतरही हरळी पुन्हा फुटली तर औषध बनावट होते किंवा गवतच नव्या जातीचे आहे, असा तर्क लगेच करू नये. बहुधा खोल गेलेल्या काशांपर्यंत औषध पोहोचलेले नसते. तिथली मूठभर माती उकरून पाहावी. पांढऱ्या, टणक काशा हाती लागल्या तर कारण तेच. लागल्या नाहीत आणि तेच गवत दोन हंगाम त्याच औषधाला पुरून उरले, तर मुळांसह एक जुडी कागदात गुंडाळून, औषधाच्या डब्यासह, तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे अथवा कृषी विज्ञान केंद्रात नेऊन दाखवावी.